बिल्ड कोणी मारलं?

रात्रीचे दोन वाजलेत. मलकापुरात आगाशिवनगरातली रूम. बाहेर हायवेवर ट्रकची घरघर सुरू आहे आणि आत लॅपटॉपचा पंखा त्यांना टक्कर देतोय. फायनल इयरचं प्रोजेक्ट, परवा डेमो. लॅपटॉप जुना, रॅम ४ जीबी, त्यावर उबुंटू. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या कॅमेऱ्यातून मोजायचा प्रोग्रॅम करायचाय, म्हणून ओपनसीव्ही ही लायब्ररी सोर्स कोडपासून बिल्ड करायला लावलीय. टक्के सरकतायत. ८५, ८६, ८७... आणि माउस हलेना. स्क्रीन गोठली. पाच मिनिटांनी एक ओळ उमटली, त्यात एकच शब्द कळला : ‘किल्ड’. त्याच्या खाली ‘एरर २’. बास.

हा सीन ओळखीचा वाटतोय ना? मग पुढचाही ओळखीचा असणार.

रूममेट कूस बदलत म्हणतो, ‘‘भावा, फॉरमॅट मार.’’ ग्रुपवर एकजण लिहितो, ‘‘लिनक्सच्या नादाला कशाला लागलास?’’ दुसरा म्हणतो, ‘‘चार जीबीत कुठं प्रोजेक्ट होतंय का, नवीन घे.’’ सकाळी घरी फोन जातो. ‘‘पप्पा, लॅपटॉप बदलायला लागतोय.’’ पलीकडं जरा शांतता. ‘‘किती लागतील?’’ ‘‘पन्नास-साठ हजार.’’ ‘‘उसाचं बिल जमा होऊ दे, बघू.’’

आज बोलायचंय ते या फोनबद्दल. तो फोन करायच्या आधी अर्धा तास काढा. फॉरमॅट नको, अंदाज नको, ग्रुपवरचे सल्लेही नकोत. नुसतं बघायचं आणि मोजायचं. कारण लिनक्ससारख्या ओपन सोर्स सिस्टीमची खरी गंमत ती फुकट मिळते यात नाहीच. ती आपल्यापासून काही लपवत नाही, यात आहे. बिल्ड कोणी मारलं, कुठं मारलं, कशासाठी मारलं, सगळं तिनं लिहून ठेवलेलं असतं. आपण वाचत नाही, एवढंच.

(एक सूचना : कमांडची नावं इथं उच्चाराप्रमाणं लिहिलीत. टर्मिनलवर ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.)

शेवटची ओळ नको, पहिली एरर

बिल्ड फेल झालं की आपली नजर जाते शेवटच्या ओळीवर. तिथं ‘मेक’ सांगत असतो, ‘एरर २’. याचा अर्थ एवढाच, की आत कुठंतरी काहीतरी बिनसलंय. निकालावर नुसतं ‘नापास’ लिहून यावं, तसं. कोणता विषय राहिला, ते वर बघावं लागतं.

त्यात आपण वेळ वाचवायला ‘मेक’ला ‘जे’ हा पर्याय देतो. ‘जे ४’ म्हणजे एका वेळी चार फाइल्स कंपाइल कर. आता चौघांपैकी एकाचं काम बिघडलं, तरी बाकीचे तिघं हातातलं काम संपवेपर्यंत बडबडत राहतात. म्हणून खरी एरर वर कुठंतरी अडकते आणि खाली तिच्यावर चाळीस-पन्नास ओळींचा ढीग पडतो.

उपाय सोपा. सगळं आऊटपुट एका फाइलमध्ये साठवा. ‘टी’ नावाची कमांड तेच काम करते, स्क्रीनवरही दाखवते आणि फाइलमध्येही लिहिते. फक्त एररच्या ओळी वेगळ्या वाटेनं बाहेर पडतात, त्याही आऊटपुटमध्ये वळवायला विसरू नका. मग ‘ग्रेप’नं त्या फाइलमध्ये ‘एरर’ हा शब्द वरून खाली शोधा. जी पहिली सापडेल ती खरी. बाकीच्या बऱ्याचदा तिचीच पिल्लं असतात. सी प्लस प्लसमध्ये एक अर्धविराम राहिला तर दोनशे ओळी येऊ शकतात, हे तुम्ही लॅबमध्ये अनुभवलंच असेल.

तरीही कळत नसेल तर ‘जे १’ देऊन परत चालवा. एका वेळी एकच फाइल. हळू चालेल, पण जिथं अडेल तिथंच थांबेल. आणि घाबरू नका, ८७ टक्के वाया जात नाहीत. जे तयार झालंय ते ‘मेक’ पुन्हा करत नाही. म्हणूनच चिडून बिल्डचा फोल्डर डिलीट करू नका. रात्री दोन वाजता सगळेजण नेमकं तेच करतात.

नेहमीचे संशयित

एरर हजारो असतात, पण जाती थोड्याच. चार ओळखा, निम्मी लढाई जिंकली.

पहिली जात : ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. समजा, झेडलिबची हेडर फाइल सापडत नाही म्हणून कंपायलर अडलाय. तुम्ही म्हणता, अरे, झेडलिब तर इन्स्टॉल आहे! आहे, पण नुसती चालवण्यापुरती. बिल्ड करायला हेडर लागतात, आणि ते वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. उबुंटू-डेबियनमध्ये त्या पॅकेजच्या नावाला ‘डेव्ह’ शेपूट असतं, फेडोरामध्ये ‘डेव्हल’. ते टाका, विषय संपला.

दुसरी जात : ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. इथं कंपायलरचं काम झालेलं असतं, अडलेला असतो लिंकर. फंक्शनचं नाव माहितीय, पण त्याचा कोड कुठल्या लायब्ररीत आहे ते सापडत नाही. सी मध्ये वर्गमूळ काढायचं फंक्शन वापरलं आणि गणिताची लायब्ररी जोडायला विसरलात की हमखास हीच एरर. दोन्ही जातींमधला फरक लक्षात ठेवा. पहिलीत हेडर शोधायचा, दुसरीत लायब्ररी.

तिसरी जात : ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. ‘डीएफ’ कमांड मारा, कुठलं पार्टिशन भरलंय ते दिसेल. कधी कधी जागा शिल्लक दिसते तरी हीच एरर येते. तेव्हा ‘डीएफ’ला ‘आय’ पर्याय देऊन बघा. डिस्कवर किती फाइल्स ठेवता येतील यालाही मर्यादा असते, आणि लाखभर बारक्या फाइल्सनी ती संपलेली असू शकते.

चौथी जात म्हणजे आपला ‘किल्ड’. यात तुमच्या कोडचा काही दोष नाही, कंपायलरचाही नाही. कोणीतरी बाहेरून येऊन कंपायलरचा गळा दाबलाय. कोणी?

‘सुडो’ लावून ‘डी-मेसेज’ चालवा आणि शेवटच्या ओळी वाचा. ‘आऊट ऑफ मेमरी’ असं दिसलं, तर खुनी सापडला. तो म्हणजे स्वतः कर्नल. रॅम संपली, स्वॅपही संपला, आता सगळी सिस्टीमच कोसळणार अशी वेळ आली की कर्नल एकाचा बळी देऊन बाकीच्यांना वाचवतो. या यंत्रणेचं नावच ‘ओओएम किलर’ आहे. बळी साधारणपणे सगळ्यांत जास्त मेमरी खाणाऱ्याचा जातो. रात्री दोन वाजता तुमच्या लॅपटॉपवर तो मान कंपायलरचाच होता.

चार आचारी, एक ओटा

का संपली मेमरी? मेसचं किचन डोळ्यांसमोर आणा. प्रोसेसरचे कोअर म्हणजे आचारी. रॅम म्हणजे ओटा. डिस्क म्हणजे मागची कोठीची खोली. तुम्ही ‘जे ४’ देऊन चार आचारी कामाला लावलेत, पण ओट्यावर जागा दोघांपुरती. मग काय होतं? एकजण आपली परात उचलून कोठीत ठेवतो, दुसरा आपली आणतो, परत पहिला येतो. सगळा वेळ ने-आण करण्यात. यालाच स्वॅपिंग म्हणतात. माउस गोठला होता तो यामुळं. आणि कोठीतही जागा उरली नाही, की मग बळी.

सी प्लस प्लसची एखादी मोठी फाइल कंपाइल करताना एकटीच १ ते २ जीबी रॅम खाऊ शकते. ४ जीबीतून ब्राउझर, डेस्कटॉप वजा करा. उरतं किती? म्हणजे ‘जे’पुढचा आकडा कोअर मोजून नाही, रॅम मोजून द्यायचा. आणि नुसतं ‘जे’ लिहून पुढं आकडाच दिला नाही, तर ‘मेक’ कसलीच मर्यादा न ठेवता जमतील तेवढी कामं एकदम सुरू करतो. कितीतरी रात्री या एका विसरलेल्या आकड्यानं घालवल्यात.

मग करायचं काय? ब्राउझर बंद. ‘जे १’ किंवा ‘जे २’. तात्पुरती स्वॅप फाइल वाढवा. ‘झेडरॅम’ सुरू करा, त्यानं रॅममधलाच मजकूर दाबून कमी जागेत बसतो. ‘सीकॅश’ टाका, म्हणजे आधी कंपाइल झालेली फाइल जशीच्या तशी पुन्हा आली तर जुना निकाल वापरला जातो. रात्रभर चालेल, पण सकाळी बिल्ड तयार असेल.

आणि सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न : बिल्ड करायची गरज होती का? ओपनसीव्ही उबुंटूच्या भांडारात तयार पॅकेज म्हणून मिळते. एखादा खास पर्याय हवा असेल किंवा नवीच आवृत्ती हवी असेल, तरच सोर्सला हात घालायचा. ‘एका व्हिडिओत तसं केलं होतं’ हे काही कारण झालं नाही.

साडेपाच तासांचं भूत

आता एक वेगळाच प्रकार. कोड बदलला, बिल्ड केलं, एररही नाही, पण प्रोग्रॅम जुनंच वागतोय. डोकं फिरतं.

गंमत म्हणजे ‘मेक’चा जन्मच अशा वैतागातून झाला. १९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडं त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन तणतणत आले. बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात त्यांची सकाळ गेली होती. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. त्यातून फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिला. कोणती फाइल कधी बदलली ती वेळ बघायची, आणि जेवढं गरजेचं तेवढंच पुन्हा कंपाइल करायचं. कमांडच्या ओळीआधी टॅबच द्यायचा, हा मेकफाइलचा कुप्रसिद्ध नियमही तेव्हाचाच. बदलावा असं वाटेपर्यंत डझनभर लोक तो वापरायला लागले होते, त्यांना त्रास नको म्हणून राहू दिला. आज कुठून तरी मेकफाइल कॉपी करताना टॅबच्या जागी स्पेस येते आणि ‘मिसिंग सेपरेटर’ अशी एरर पडते, ती त्या डझनभर लोकांमुळं!

तर, ‘मेक’ घड्याळावर चालतो. आणि तुमच्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर घड्याळातच घोळ असू शकतो. मदरबोर्डवरचं घड्याळ विंडोज भारतीय वेळेवर ठेवतं. लिनक्स मात्र ते जागतिक वेळेवर आहे असं धरून त्यात आपले साडेपाच तास मिळवतं. म्हणजे विंडोजमधून येऊन लिनक्स सुरू केलं, की इंटरनेटवरून वेळ दुरुस्त होईपर्यंत घड्याळ साडेपाच तास पुढं! रूमवर नेट नसेल तर तसंच चालू राहतं. तेवढ्यात सेव्ह केलेल्या फाइल्सवर भविष्यातली वेळ पडते. मग ‘मेक’ ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ अशी वॉर्निंग देतो आणि बिल्ड अर्धवट असू शकतं असंही सांगतो. आपण वॉर्निंग वाचत नाही.

‘टाइमडेटसीटीएल’ कमांडनं घड्याळ तपासा. दोन्ही सिस्टीमला एकच पद्धत लावून द्या. मग ‘मेक क्लीन’ करून बिल्ड नव्यानं करा. भूत गेलं.

‘स्लो’ म्हणजे नक्की काय?

बिल्ड झालं. आता दुसरी तक्रार, ‘लई स्लो चालतंय.’ पण स्लो म्हणजे काय? पोट दुखतंय म्हटल्यावर डॉक्टर लगेच ऑपरेशन करत नाहीत, आधी कुठं दुखतंय ते दाबून बघतात.

मलकापूरच्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. चोवीस तास पाणी आणि घरोघरी मीटर, यासाठी आपल्या गावाचं नाव देशभर गेलंय. जेवढं वापराल तेवढं बिल, आणि वापर वाढला की दरही चढा. पण मीटरचा उपयोग बिलापुरता नसतो. टाकीतून किती पाणी सुटलं आणि मीटरमधून किती गेलं, हे दोन आकडे समोर आले की मधला फरक बोलायला लागतो. पाणी मुरतंय कुठं, हे कळतं. मीटर नसेल तर काय करणार? मोठी टाकी बांधा, मोठी पाइप टाका. नवीन लॅपटॉप घ्या, तसं!

लिनक्समध्ये हे मीटर आधीच बसवलेले आहेत. चार रोज वापरण्यासारखे.

‘टॉप’ उघडा. वरच्या ओळीत टक्के दिसतात. ‘यूएस’ म्हणजे तुमचा प्रोग्रॅम प्रोसेसर किती वापरतोय. ‘एसवाय’ म्हणजे कर्नल. ‘डब्ल्यूए’ म्हणजे प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट बघतोय. हा आकडा सतत मोठा असेल तर प्रोसेसरला शिव्या देऊ नका, गाडी कोठीच्या दारात अडलीय. तिथंच ‘लोड ॲव्हरेज’ असतं. लिनक्समध्ये त्यात डिस्कसाठी ताटकळलेली कामंही धरतात. म्हणून लोड १० असूनही प्रोसेसर निवांत, असं चित्र दिसू शकतं.

‘फ्री’ चालवा. ‘फ्री’च्या खाली छोटा आकडा दिसला की धस्स होतं. होऊ देऊ नका. लिनक्स रिकामी रॅम वाया घालवत नाही, डिस्कवरच्या फाइल्स तिथं आणून ठेवतं आणि गरज पडली की लगेच जागा मोकळी करतं. तुम्ही बघायचा तो ‘अव्हेलेबल’चा रकाना.

‘व्हीएमस्टॅट १’ दर सेकंदाला एक ओळ देतं. त्यातले ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे रकाने शून्य असतील तर स्वॅपची भानगड नाही. सारखे आकडे नाचत असतील तर ओटा पुरत नाहीये.

‘सेन्सर्स’ तापमान दाखवतं. प्रोसेसर फार तापला की तो जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. पहिली पाच मिनिटं सुसाट आणि मग कासव, अशी तक्रार असेल तर आधी पंख्यातली धूळ काढा. हायवेच्या कडेला रूम असेल तर ती किती साचते, ते उघडल्यावर बघाच. गादीवर लॅपटॉप ठेवून बिल्ड लावणं तर अजिबातच नको.

आणि हळू चालणारा प्रोग्रॅम तुमचाच असेल तर? त्याच्या आधी ‘टाइम’ लावून चालवा. तीन आकडे येतात. एकूण लागलेला वेळ, प्रोग्रॅमनं प्रोसेसर वापरला तो वेळ, आणि त्याच्यासाठी कर्नलनं वापरला तो. एकूण दहा सेकंद आणि प्रोसेसरचा एकच सेकंद असेल, तर उरलेला वेळ तो कशाची तरी वाट बघत बसलाय. उलट प्रोसेसरचाच वेळ मोठा असेल तर ‘पर्फ’ वापरा. कोणत्या फंक्शनमध्ये किती टक्के वेळ जातोय ते तो नावानिशी सांगतो.

इथं एक चूक फार सर्रास होते. सीमेक वापरून स्वतःचं प्रोजेक्ट बिल्ड करताना ‘बिल्ड टाइप’ दिला नाही, तर सहसा कंपायलरला ऑप्टिमायझेशनचा पर्यायच जात नाही. इंजिन दुसऱ्या गिअरमध्येच. बिल्ड टाइप ‘रिलीज’ करा, आणि मग गाड्या मोजायच्या प्रोग्रॅमचा वेग बघा. कधी कधी फरक इतका पडतो, की नव्या लॅपटॉपची गोष्टच निघत नाही.

अर्ध्या सेकंदानं जग वाचलं

हे सगळं कशासाठी? नुसतं प्रोजेक्ट संपवायला? थांबा, एक खरी गोष्ट सांगतो.

मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे मायक्रोसॉफ्टमधले इंजिनिअर. ते काही सिक्युरिटीतले तज्ज्ञ नव्हेत. डेबियनच्या अस्थिर (अनस्टेबल) आवृत्तीवर ते वेग मोजत होते. अचूक आकडे यावेत म्हणून मशिन शांत करायला गेले, तर दिसलं, की बाहेरून लॉगिन घेणारा एसएसएच हा प्रोग्रॅम उगाचच प्रोसेसर खातोय. लॉगिनला पूर्वी साधारण ०.३ सेकंद लागायचे, आता ०.८. फरक अर्ध्या सेकंदाचा. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, असेल काहीतरी, नेट स्लो असेल.

त्यांनी ‘पर्फ’ लावला. वेळ जात होता ‘एक्सझेड’ नावाच्या, फाइल दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत. लॉगिनचा हिच्याशी काय संबंध? ते खोदत गेले आणि २९ मार्चला जगाला सांगितलं, की एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा आहे. ‘जिया टॅन’ या नावानं कोणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ त्या प्रकल्पात नेकीनं काम करत विश्वास कमावला होता, आणि मग हा दरवाजा बसवला होता.

आणि तो लपवला कुठं होता? बिल्डमध्ये! चाचणीच्या म्हणून ठेवलेल्या फाइल्समध्ये तो दडलेला होता. बिल्ड स्क्रिप्टमधल्या काही ओळी बिल्ड चालू असताना तो बाहेर काढून लायब्ररीत मिसळत होत्या. त्या ओळी फक्त प्रसिद्ध केलेल्या सोर्सच्या गठ्ठ्यात होत्या, सगळ्यांसमोर असलेल्या गिटमध्ये नव्हत्या. या आवृत्त्या मोठ्या लिनक्स वितरणांच्या पक्क्या आवृत्त्यांत पोहोचायच्या आधीच पकडल्या गेल्या. नाहीतर जगभरातल्या असंख्य सर्व्हरांची किल्ली एका अनोळखी माणसाच्या हातात गेली असती.

त्या माणसानं वेगळं काय केलं? अर्धा सेकंद मोजला. आणि ‘असेल काहीतरी’ म्हणाला नाही.

आता तुमची पाळी

ही विद्या शिकायला पुण्या-मुंबईलाच जायला हवं असं काही नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स, सी, सी प्लस प्लस असे कितीतरी धडे मराठी निवेदनासह फुकट मिळतात. कमांडची भीती मोडायला ते उत्तम.

आणि इथं शिकलेलं फक्त जुन्या लॅपटॉपपुरतं राहत नाही. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतला एकेक संगणक लिनक्सवर चालतो. पुण्याच्या सी-डॅकमधला ‘परम सिद्धी-एआय’ नोव्हेंबर २०२०च्या त्या यादीत ६३ वा होता. त्याच्यासमोर बसलात तरी ‘टॉप’ हा ‘टॉप’च असतो आणि ‘फ्री’ हा ‘फ्री’च.

थोडा हात बसला की एक पाऊल पुढं टाका. डेबियनच्या जगात ‘एफटीबीएफएस’ असं एक लेबल आहे. अर्थ सरळ, सोर्सपासून बिल्ड होत नाही. अशा पॅकेजची यादी आणि फेल झालेल्या बिल्डचे लॉग कोणालाही बघता येतात. कॉलेजचा विद्यार्थी तो लॉग वाचतो, पहिली एरर शोधतो, दोन ओळींची दुरुस्ती पाठवतो. रेझ्युमेवर ‘लिनक्स येतं’ असं लिहिण्यापेक्षा ती पाठवलेली दुरुस्ती जास्त बोलते. डेबियनची जागतिक परिषद डेबकॉन्फ २०२३च्या सप्टेंबरमध्ये आपल्या कोचीत झाली होती. म्हणजे हे जग काही सातासमुद्रापार नाही.

अर्ध्या तासाची यादी

१. आऊटपुट फाइलमध्ये साठवा, पहिली एरर शोधा.

२. ‘जे १’ देऊन पुन्हा चालवा. बिल्डचा फोल्डर उडवू नका.

३. ‘किल्ड’ दिसलं तर ‘डी-मेसेज’. ‘स्पेस’ दिसलं तर ‘डीएफ’. ‘क्लॉक’ दिसलं तर घड्याळ.

४. स्लो असेल तर ‘टॉप’, ‘फ्री’, ‘व्हीएमस्टॅट’, ‘सेन्सर्स’. आकडे वहीत लिहा.

५. एका वेळी एकच गोष्ट बदला. मग पुन्हा मोजा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर बरं कशानं वाटलं ते कधीच कळणार नाही.

६. मदत मागताना मोबाइलनं काढलेला स्क्रीनचा तिरपा फोटो नको. पहिली एरर, सिस्टीमची आवृत्ती, रॅम आणि तुम्ही आतापर्यंत काय काय करून बघितलं, हे लिहा. उत्तर देणाऱ्यालाही हुरूप येतो.

आता त्या फोनकडं येऊ. सगळं मोजल्यावरही लॅपटॉपच कमी पडतोय, असं निघू शकतं. निघू दे. ‘डब्ल्यूए’ सतत चढा असेल तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून भागेल. ‘अव्हेलेबल’ कायम तळाला असेल तर रॅमची एक पट्टी वाढवता येते का बघा. काही लॅपटॉपमध्ये ती बोर्डलाच जोडलेली असते, म्हणून आधी खात्री करा. दोन्हींचा खर्च नव्या लॅपटॉपपेक्षा खूपच कमी. आणि खरंच नवाच लागणार असेल, तर घ्या.

पण मग घरी फोन करताना तुमच्याकडं ‘बेकार झालाय’ याशिवाय सांगण्यासारखं काहीतरी असेल. काय कमी पडतंय, किती कमी पडतंय आणि ते भरून काढायला नेमके किती लागतील. पलीकडं उसाच्या बिलाची वाट बघणाऱ्या माणसाला एवढा हिशेब द्यायलाच हवा, नाही का?